वन्समोअर, आणि रुसून उभी राहिलेली रुक्मिणी

डिसेंबरात ऑफिसातल्या पोरांबरोबर एका कॉन्सर्टला गेलो होतो. पुण्याबाहेर मोकळं मैदान, तिकीट महाग, पार्किंग त्याहून लांब, आणि भेळेचे भाव तर विचारूच नका. गायकाचं नाव सांगत नाही, कारण त्याचा एकट्याचा दोष नाहीये, हल्ली सगळेच असं करतात. तर साडेनऊच्या सुमारास तो "थँक्यू पुणे, लव्ह यू" वगैरे म्हणाला, हात हलवला, आत गेला, लाइट गेले. पब्लिक ओरडायला लागलं, वन्स मोअर, वन्स मोअर. मी आपला खिशात गाडीची चावी चाचपत निघायच्या तयारीत, तर आमच्या टीममधला एक जण म्हणाला, "कुठं निघालास, अजून ते गाणं कुठं झालंय?"

ते गाणं म्हणजे ज्याच्यासाठी निम्मे लोक आले होते ते.

मग मी नीट बघितलं. स्टेजवर अंधार होता पण पूर्ण नव्हता. एक माणूस दातात छोटा टॉर्च धरून गिटार सुरात लावत होता, अगदी निवांत, आणि दुसरा एक जण माइकच्या स्टँडपाशी पाण्याची नवीन बाटली ठेवून गेला. म्हणजे आम्ही घसा फोडून ज्याला परत बोलवत होतो तो कुठे गेलेलाच नव्हता, टी-शर्ट बदलत होता. तीनेक मिनिटांनी आला, "तुम्ही लोक ऐकतच नाही" म्हणाला, ते गाणं म्हटलं, आणखी दोन म्हटली, आणि मग खरोखरचे लाइट लागले. गाणी छान झाली, ते नाही म्हणत मी. पण परत येताना ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा डोक्यात एकच, की अरे ह्याला वन्समोअर म्हणत नाहीत. वन्समोअर काय असतो ते मला माहितीये. मी गेली अकरा वर्षं विंगेत उभा राहून तो बघतोय.

तर सांगायचं म्हणजे माझं आजोळ गोव्यात, फोंडा तालुक्यात. तिकडे देवळाच्या उत्सवाला गावातली माणसं संगीत नाटक करतात, बाहेरून कंपनी आणून नाही, स्वतःच. घरात बोलणं सगळं कोंकणी आणि नाटक मराठी, ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कृष्ण म्हणजे पंचायतीतून रिटायर झालेला माझा मामा, नारद शाळामास्तर, बलराम स्कूटर गॅरेजवाला (त्याला गदा शोभते), आणि रुक्मिणी माझी मामेबहीण, जी एरवी बँकेत कॅशला बसते. पूर्वी बायकांची कामंही पुरुषच करायचे, मामाने तरुणपणी सुभद्रा केलीय, त्याचा फोटो हॉलमध्ये लावलेला आहे आणि नवीन जावयाला तो मुद्दाम दाखवतात. मला गाता येत नाही, तोंडाला रंग लावला की शिंका येतात, म्हणून मला प्रॉम्प्टर केलं. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात टॉर्च, आणि कुणी अडकलं की पुढचा शब्द पुटपुटायचा.

प्रॉम्प्टरचं काम सोपं वाटतं. वन्समोअर येईपर्यंत सोपंच असतं.

पहिल्या वर्षी काय झालं, सौभद्र होतं. किर्लोस्करांचं, 1882 साली पहिल्यांदा रंगमंचावर आलेलं, म्हणजे दीडशेच्या घरात पोचलं नाटक, आणि तरी गावातल्या म्हाताऱ्यांना त्यातली पदं आपापल्या मोबाइल नंबरपेक्षा जास्त पाठ. "नच सुंदरी करू कोपा" चालू झालं. मामाने म्हटलं, बरं म्हटलं, टाळ्या, मी पान उलटलं. आणि मागून, अगदी शेवटून, पिंपळाच्या पाराकडून एक आवाज आला, "वन्समोssर". मग दहा, मग सगळे. मामाने पायपेटीवाल्याकडे नुसतं बघितलं, तबलजीने हातोडीने एक ठोका मारून घेतला, आणि पद परत सुरू. मी तिकडे टाळ्या वाजवत बसलो. पद दुसऱ्यांदा संपलं, मामा क्षणभर थांबला, मी टॉर्च मारला आणि जे पान समोर होतं त्यावरचं पहिलं वाक्य सांगितलं. अर्धा प्रवेश गायब. रुक्मिणीने माझ्याकडे जो लुक दिला तो नाटकातला नव्हता.

तेव्हापासून एक नियम, पद संपलं तरी टाळ्या विरेपर्यंत पानाला हात लावायचा नाही.

आणि रुक्मिणीची बाजू कुणी बघतच नाही. कृष्ण तिची समजूत काढतोय, ती रुसलीय, पाठमोरी उभी आहे. चार मिनिटांचं पद. वन्समोअर आला की आठ. दुसरा आला की मामा ताना वाढवतो, म्हणजे पंधरा धरा. तेवढा वेळ तिने रुसूनच राहायचं, कारण हसली की पुढचं सगळं फुकट. मामेबहीण म्हणते, तुला गायला काय जातंय बाबा, मला रुसून रुसून पोटरीत गोळे येतात. एका वर्षी तिने मधेच वजन दुसऱ्या पायावर टाकलं तर पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "विरघळली गो!" तोवर कृष्णाचं निम्मं पद व्हायचं होतं.

हे सगळं बाहेरच्याला विचित्र वाटत असणार, की गोष्ट चालू असताना थांबवायची, नवरा-बायकोचं भांडण तिथंच गोठवून ठेवायचं आणि तेच वाक्य परत म्हणायला लावायचं. जाणकार लोक ह्याच्यावर रागावायचेच. नाटकाचा रसभंग होतो, कथानक खोळंबतं, नट आणि पात्र ह्यातलं अंतर उघडं पडतं. सगळं खरं आहे. मी स्वतः मामाला मुकुटाशिवाय रंगमंचावर येताना बघितलंय. प्रवेशाच्या शेवटी पद म्हणून कृष्ण आत गेला, मुकुट काढून रंगपटातल्या पोराच्या हातात दिला, चहाचा कप तोंडाला लावला आणि बाहेर कल्लोळ. पोरगं मुकुट घेऊन कुठे गेलं कुणास ठाऊक. मामा तसाच गेला, टक्कल चमकतंय, आणि पद असं म्हटलं की लोक हसायचं विसरले. रसभंग वगैरे होतो, पण मग परत जुळतो पण ना.

वन्समोअर शब्द इंग्रजी आहे पण तो इंग्रजांचा राहिलेला नाही. साहेब स्वतः 'आँकोर' म्हणतो, जो फ्रेंच शब्द आहे, आणि गंमत म्हणजे फ्रेंच माणूस थिएटरात 'आँकोर' ओरडत नाही, तो 'बिस' ओरडतो. जर्मन लोक 'त्सुगाबं' म्हणतात, म्हणजे वरचं, जास्तीचं, आपण भाजीवाल्याकडे मूठभर कोथिंबीर वर मागतो ना तसं. आपण मराठी लोकांनी इंग्रजीतून उचलला तो सरळ 'अजून एकदा'. तेच. दुसरं नको, वरचं नको, आत्ता जे म्हटलंस तेच परत म्हण.

आणि मराठीत त्याची क्रियापदं बघा. वन्समोअर प्रेक्षक देतात आणि गाणारा घेतो. "पहिल्याच पदाला वन्समोअर घेतला त्याने", "लोकांनी तीन वन्समोअर दिले". म्हणजे गाणारा परत गातोय, कष्ट तो करतोय, घाम त्याचा, आणि भाषा म्हणते की त्याला काहीतरी मिळालं. मला हे फार आवडतं. त्या मैदानातल्या प्रकाराला हे क्रियापद लागूच पडत नाही, आम्ही काय दिलं त्याला? ते गाणं लिस्टमध्ये होतंच. आम्ही गप्प बसलो असतो तरी झालं असतं (बहुतेक. कुणी गप्प बसून बघितलंय?).

बालगंधर्वांचं तर आपण लहानपणापासून ऐकत आलोय. रात्री नऊला पडदा वर गेला की पहाटेपर्यंत नाटक, कारण पदं ढीगभर आणि पदांवर वन्समोअर ढीगभर. त्यांचं स्वयंवर नाटक आलं 1916 ला, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे अख्खा ख्यालगायकीचा ऐवजच नाटकात ओतलेला. पुढे कंपनीत सारंगीला कादरबक्ष, तबल्याला थिरकवाँ. आता मला सांगा, तबल्यावर थिरकवाँ बसलेत आणि समोरच्या माणसाने एकदाच ऐकून पुढच्या संवादाची वाट बघावी ही अपेक्षाच चूक आहे. आणि दुसऱ्यांदा म्हणताना ते तेच नसायचं. शब्द तेच, चाल तीच, पण जागा वेगळी, तान वेगळी, एखादा शब्द वेगळ्याच बाजूने उघडलेला. लोक 'तेच' मागायचे ते ह्या भरवशावर की तेच मिळणार नाही.

8 जुलै 1921 ला मुंबईत बालीवाला थिएटरात मानापमान नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला, टिळक स्वराज्य फंडासाठी, एकीकडे बालगंधर्व नायिका भामिनी आणि दुसरीकडे केशवराव भोसले नायक धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. तीन महिन्यांत केशवराव गेले. त्या रात्रीच्या वन्समोअरबद्दल माझे पणजोबा काय काय सांगायचे म्हणे, पण ते तिथे नव्हतेच, त्यामुळे सोडा.

आता रेकॉर्डींचं बघा. 78 ची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. तीत वन्समोअर मावत नाही. पण आजी सांगायची, ग्रामोफोनची सुई उचलून परत कडेला ठेवायचं काम पोरांचं असायचं, आणि खोलीत मोठी माणसं बसलेली असली की कुणीतरी नुसतं बोट वर करायचं. ओरडायची गरज नाही. आता तर रिपीटचं बटण आहे, मी एक पद गेल्या आठवड्यात गाडीत सलग नऊ वेळा ऐकलं. नऊही वेळा अगदी तेच, श्वासासकट. नवव्या वेळेला कंटाळलो.

परदेशातही ह्याचा त्रास होताच. 1786 च्या मे महिन्यात व्हिएन्नात मोत्झार्टचा फिगारो हा ऑपेरा, म्हणजे त्यांचं संगीत नाटकच, आला. दुसऱ्या प्रयोगाला पाच गाणी परत म्हणावी लागली, तिसऱ्या प्रयोगाला सात, आणि एक छोटं द्वंद्वगीत तर तीन वेळा. सम्राट जोसेफ वैतागला असणार, कारण लगेच हुकूम निघाला की एकापेक्षा जास्त आवाजांचं कुठलंही गाणं परत म्हणायचं नाही. म्हणजे एकट्याने म्हणा काय ते, सगळा मेळा परत उभा करू नका. आमच्या रुक्मिणीला हा राजा फार आवडला असता. पुढे मिलानच्या ला स्काला ऑपेरात टोस्कानिनी नावाच्या कडक कंडक्टरने वन्समोअरविरुद्ध मोहीमच काढली, तिथे ही प्रथा इतकी बंद झाली की 1933 नंतर थेट 2007 मध्ये हुआन दिएगो फ्लोरेस ह्या पेरूच्या गायकाने एक गाणं परत म्हटलं, ज्यात नऊ वेळा तो तार सप्तकातला अवघड 'सी' लावायला लागतो. नऊ लावले, लोक थांबेनात, परत नऊ लावले. मी व्हिडिओवर त्याचं ते गाणं बघितलंय, कळत काही नाही, थिएटर इटलीतलं, गाणं फ्रेंच, पण मागून तो पिंपळाच्या पाराकडचा आवाज इथेही असणार हे नक्की कळतं.

उलट टोक म्हणजे एल्व्हिस प्रेस्ली. 1956 साली अमेरिकेत श्रेव्हपोर्टला त्याचं गाणं झालं आणि पोरं इतकी उठली की पुढच्या कलाकारांना गाता येईना, तेव्हा निवेदकाला माइकवर सांगावं लागलं की एल्व्हिस इमारतीतून निघून गेलेला आहे, बसा खाली. हे मला प्रामाणिक वाटतं. गेला म्हणजे गेला.

आपल्याकडे मैफलीत हे काम भैरवी करते. भैरवी झाली की तंबोरे खाली. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला (1953 पासून चालू आहे, पूर्वी रात्र-रात्र चालायचा) माझे काका घोंगडी घेऊन जायचे, ते सांगतात की भैरवीचे सूर लागले की लोक एकीकडे डोळे मिटायचे आणि दुसरीकडे पायाने चपला शोधायचे. भैरवीनंतर मागणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला परत पाटावर बसवणं. फर्माईश करायची तर आधी करा, चिठ्ठी पाठवा.

आणि आता तर घड्याळच आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, वर्षात फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट मिळते, तीही सरकारने दिली तर. नियम योग्यच आहे, माझ्या घरामागे लग्नाचं कार्यालय आहे, मी त्या नियमाचा भक्त आहे. पण उत्सवाचं नाटक पालखी झाल्यावर सुरू होतं, पालखी देवाच्या वेळेने निघते आणि देव घड्याळ बघत नाही. त्यामुळे हल्ली समितीचा एक माणूस विंगेत माझ्या शेजारी मोबाइल घेऊन उभा असतो आणि प्रत्येक वन्समोअरला कपाळाला हात लावतो. पूर्वी असं नव्हतं. मामा सांगतो, कृष्णाचंच "प्रिये पहा" हे पद आहे, रात्र सरून उषःकाल होतोय असं, तर एका वर्षी वन्समोअर घेता घेता खरोखरच देवळामागचं आभाळ पांढरं झालं आणि दूधवाला सायकल टेकवून उभा राहिला. मामाने हात करून तिकडे दाखवलं, पदातच. लोक उठून उभे राहिले. त्यानंतर वन्समोअर कुणी मागितलाच नाही म्हणे.

तर इतपत लिहून हा पोस्ट मी "ते नकली, आमचं खरं" असं म्हणून संपवणार होतो. पण मध्यंतरी दिवाळखोरासारखी एक गोष्ट हाती लागली. म्हणजे माझ्या मुद्द्याचं दिवाळं काढणारी.

आमची नाटकाची वही फाटली होती, म्हणून मामाकडून त्याची जुनी वही मागवली, फोटो काढून टाइप करून घेऊ म्हटलं. पोस्टाने आली. निळ्या शाईत संवाद, लाल शाईत पदं, आणि काही पदांच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात 'व. मो.'. मला आधी वाटलं कुणा गायकाची आद्याक्षरं. मग खाली वाचलं, 'व. मो. १ – तान खालून. व. मो. २ – अंतरा परत, सावकाश.'

मी फोन लावला. म्हटलं मामा, तू हे आधीच ठरवून ठेवायचास?

तो हसला. म्हणाला, मग? लोकांनी दिला आणि माझ्याकडे काही नसलं तर? तेच तेच वाढू?

मी त्याला तो टॉर्चवाला माणूस, गिटार, टी-शर्ट सगळं सांगितलं. त्याला त्यात काही वाईट दिसेना. म्हणाला, तयारी नको का. मग जरा थांबून म्हणाला की चार ठिकाणी लिहिलेलं असायचं, त्यातले कधी दोन मिळायचे, कधी एक, आणि एका वर्षी एकही नाही. एकही नाही रे. पारावर माणसं होती, पण गप्प होती. त्या रात्री तो न जेवता झोपला होता हे मामीने मागून ओरडून सांगितलं.

त्या मैदानातल्या गायकाला हे होऊच शकत नाही, एवढाच काय तो फरक आता मला धरता येतोय. बाकी मी थोडा मवाळ झालोय.

ह्या वर्षी परत सौभद्र आहे. मामा आता एकोणसत्तरचा, मधे दम लागतो, गायची पट्टी काळी पाच होती ती खाली पांढरी पाचवर आलीय. वही मी नीट बघितली. "नच सुंदरी" च्या कडेची पेन्सिल खोडरबराने पुसलेली आहे, कागद थोडा खरवडलाय. "प्रिये पहा" च्या कडेची तशीच आहे, फक्त 'व. मो. २' वर आडवी काट मारलीय.

फोनवर विचारलं, आणि लोकांनी दुसरा दिला तर?

"मागूं दी," म्हणाला.